हर्ष आणि प्रमाद

गेल्या महिन्यात आमचे घरी नातवाची मुंज झाली. तिची तयारी चालू असता पुतण्याच्या चिरंजीवांनी एक कल्पना काढली. सोयाबीनवर औषध फवारण्याचे त्याचे जे ड्रोन आहे, त्यातून मंगलाष्टकांच्या वेळी बटूवर फुले उधळावी! यंत्र त्याचे, ते चालविण्याचे शिक्षणही त्याने रीतसर घेतलेले. शिवाय फटाक्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आमच्या तेरखेड्यास थाटाचे वावडे कसले? मीही कौतुकाने मान डोलावली. ते चुकले, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच.

पुढे दोन दिवसांनी एका अपघाताची हकीकत वाचनात आली. ७ सप्टेंबर २०१९ रोजी अमेरिकेतील टेक्सास प्रांतात, टर्की नावाच्या गावाजवळ, पिकांवर औषध फवारण्याचे एक विमान कोसळले. त्या दिवशी मात्र त्याच्या टाकीत औषध नव्हते; सुमारे १,३०० लिटर गुलाबी पाणी होते. पोटातील बाळ मुलगा की मुलगी, हे आप्तेष्टांस रंगावरून कळविण्याचा सोहळा तिकडे करतात. (आपल्याकडे गर्भलिंग सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तो विषय निराळा.) वैमानिकाने जमिनीलगत येऊन पाणी सोडले, पण त्या भरात विमानाचा वेग फार मंदावला. पंखांवरून हवा पुरेशा वेगाने वाहते, तोवरच ती विमानास तोलून धरते. वेग घटला की आधार तुटतो. उंचावर असता सावरण्यास अवकाश मिळतो. जमिनीलगत तो नसतो. विमान एकाच आसनाचे, आणि आत माणसे दोन! दैव बलवत्तर, म्हणून एकाच्या किरकोळ दुखापतीवर निभावले.

वेगाचा हा नियम वैमानिकास ठाऊक नव्हता काय? तो तर त्या विद्येचा ओनामा. संस्कृतात अज्ञान निराळे आणि प्रमाद निराळा. ठाऊक असलेल्या गोष्टीचे ऐन वेळी भान सुटणे, हा प्रमाद. हा शब्द ‘मद्’ धातूपासून झाला आहे, आणि धातुपाठात त्या धातूचा अर्थ दिला आहे ‘हर्ष’! वर्गात हे मी वर्षानुवर्षे शिकविले. मर्म मात्र आता उमगले.

शेतात आमचा मुलगा आधी विजेच्या तारा पाहतो, माणसांस दूर सारतो, मगच यंत्र उडवितो. मांडवात तो त्याच यंत्राखाली साऱ्या घरास उभे करणार होता. आणि मी आनंदाच्या भरात होकार दिला होता.

मी होकार मागे घेतला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. ती हकीकत मी त्याला वाचावयास दिली. वाचून तो इतकेच म्हणाला, “आजोबा, तारांचे मी पाहिले होते. माणसांचे राहिले.”

मुंजीच्या दिवशी ड्रोन कोठीतच राहिले. अक्षता वाटण्याचे काम त्याने आपण होऊन अंगावर घेतले. दोष त्याचा मी मानीत नाही. यंत्राची जाण त्याला होती. हर्षात भान राखणे हे माझ्या वयाचे काम होते.