शिरपेच हवा, पण किंमत नको!

जव्हारजवळ शिरपामाळ नावाचे एक स्थळ आहे. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर निघालेल्या शिवछत्रपतींचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना सामोरे गेले आणि त्या भेटीत मानाचा शिरपेच चढविला गेला, म्हणून माळाला हे नाव पडले, अशी या मुलखाची समजूत आहे. तपशिलाचा निवाडा इतिहासपंडितांनी करावा. परंतु शिरपेच हा किंमत मोजून मिळवायचा असतो, फुकटात मिरवायचा नसतो, हे सांगावयास कोणी पंडित नको. आजच्या ऑनलाइन लिलावांत मात्र एक नवी जात निपजली आहे. या मंडळींना विजयाचा तुरा हवा असतो. पैसे भरण्याची घटका आली की ती मुकी, बहिरी आणि बेपत्ता होतात!

नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात जे घडले, ते या रोगाचे ठळक लक्षण होय. मोटारीच्या एका नंबराचा, ‘एचआर ८८ बी ८८८८’ या आकड्यांचा, सरकारने ऑनलाइन लिलाव केला. मूळ किंमत ५० हजार रुपये. बोली चढत चढत १ कोटी १७ लाखांवर गेली. देशभर डंका वाजला. पण मुदत संपली तरी पैसे आले नाहीत. नोंदणी फी आणि अनामत मिळून जे ११ हजार रुपये भरलेले होते, तेवढेच काय ते सरकारच्या हाती उरले. परिवहनमंत्री अनिल विज यांनी संतापून त्या बोलीदाराच्या मालमत्तेची चौकशी करण्याचे आदेश दिले. खिशात नाही आणा आणि मला बाजीराव म्हणा, ही म्हण आमच्या पूर्वजांनी अशाच महाभागांसाठी करून ठेवली असावी. पण आम्ही विचारतो, ११ हजारांत कोटीची बोली करण्याची मुभा ज्यांनी दिली, त्यांच्या शहाणपणाची चौकशी कोणी करावयाची?

कोणी म्हणेल, एका हौशी माणसाने नंबर घेतला नाही, त्यात कोणाचे काय बिघडले? पुष्कळ बिघडले. लिलाव म्हणजे केवळ विकणारा आणि घेणारा यांचा सौदा नव्हे. त्यात तिसरा एक माणूस असतो आणि त्याची आठवण कोणालाच होत नाही. ऐपतीप्रमाणे प्रामाणिक बोली करून जो मागे सरला, तो हा दुसऱ्या क्रमांकाचा बोलीदार. खोट्या बोलीने त्याला हुसकावून लावलेले असते. तो दुसरीकडे खरेदी करून मोकळा होतो आणि विकणारा इकडे उत्तराची वाट पाहत बसतो. फेरलिलाव पुकारला की लोक कुजबुजतात, “या मालात काही खोट असली पाहिजे.” दोष बोलीदाराचा, बट्टा मात्र मालाला!

तथापि पैसे न भरणारा प्रत्येक जण लुच्चा असतो, असे आम्ही मानीत नाही. मुंबईत डिसेंबर २०१५ मध्ये दाऊद इब्राहिमच्या जप्त मालमत्तेचा लिलाव झाला, तेव्हा पाकमोडिया स्ट्रीटवरील हॉटेलासाठी एका माजी पत्रकाराने ४ कोटी २८ लाखांची बोली केली. दहशतीला न जुमानता पुढे होण्याचे ते धाडस होते. ३० लाखांची अनामत त्याने भरली. लोकांकडे हात पसरूनही उरलेली रक्कम मात्र उभी राहिली नाही. २०१७ च्या फेरलिलावात तीच जागा ४ कोटी ५३ लाखांना गेली. येथे हेतू शुद्ध होता, बोलीदार लपून बसला नाही, आणि सरकारचेही नुकसान झाले नाही. असमर्थता आणि बेपर्वाई या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि कायद्याने त्यांना एका मापाने मोजू नये. पण फेरलिलावात किंमत वाढावी इतके दैव दर वेळी उदार नसते. ती घटली, तर तूट कोणी सोसावयाची?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कोणत्याही परदेशी तज्ज्ञाला बोलावण्याची गरज नाही. ते आमच्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतच लिहून ठेवलेले आहे. कोर्टाच्या हुकमाने होणाऱ्या स्थावराच्या लिलावात बोली मंजूर होताच २५ टक्के रक्कम जागच्या जागी भरावी लागते आणि उरलेली १५ दिवसांत. ती न भरल्यास अनामत जप्त होऊ शकते, मालमत्ता पुन्हा विकली जाते, आणि फेरविक्रीत किंमत कमी आली तर ती तूट खर्चासह पहिल्या बोलीदाराकडून वसूल करता येते. बँकांच्या थकीत कर्जांच्या लिलावांतही २५ टक्क्यांचाच नियम आहे. फेरलिलावात बँकेला अधिक किंमत मिळाली असतानाही पहिल्या बोलीदाराची ती २५ टक्के रक्कम जप्त करणे वैध आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. मग जो धाक कोर्टाच्या हातोड्यामागे आहे, तो संगणकाच्या कळीमागे का असू नये?

मोटारीच्या नंबरावाचून कोणाची चूल विझत नाही. पण शिरपामाळाच्या भोवतालच्या जव्हार-मोखाड्याच्या मुलखाकडे पाहा. येथील आदिवासी शेतकरी मोगरा लावतो आणि त्याच्या कळ्या मुंबईच्या फुलबाजारात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा अधिकार मान्य केला आहे. उद्या या गावांनी आपला माल ऑनलाइन लिलावात मांडला आणि सर्वांत मोठी बोली करणाऱ्याने फोन बंद करून ठेवला, तर? मोगऱ्याची कळी बोलीदाराच्या सवडीसाठी थांबत नाही. संध्याकाळपर्यंत तिचे निर्माल्य होते. ही भीती काल्पनिक नाही. तेंदूपानाच्या थकलेल्या पैशांसाठी गडचिरोलीच्या ग्रामसभांना ठेकेदारांकडे खेटे घालावे लागले आहेत. ज्याने उन्हातान्हात पाने खुडली, त्याने वकील कोठून द्यावा आणि तारखांना कोणत्या मजुरीवर पाणी सोडून जावे?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. ऑनलाइन लिलाव सरकारी असो की खाजगी, अनामत ही मूळ किमतीवर न ठरता बोलीबरोबर चढत गेली पाहिजे. जेवढी जीभ लांब, तेवढा हात खिशात खोल! मुदत आरंभीच जाहीर असावी, एकदा लेखी सूचना जावी, आजारपणासारखे खरे कारण असेल तर ते ऐकून घ्यावे. परंतु मौन हे उत्तर मानून त्या क्षणी सौदा मोडावा. दुसऱ्या बोलीदाराला त्याच्याच किमतीत माल देऊ करावा, सक्ती मात्र करू नये. फेरलिलावातील तूट पहिल्याकडून वसूल करावी, आणि वारंवार पाठ फिरविणाऱ्याला लिलावाचे दार बंद करावे. त्याचबरोबर बोली मंजूर करण्यास महिनोन् महिने लावणाऱ्या सरकारी कचेऱ्यांनाही हीच मुदत बांधून द्यावी. उत्तर न देण्याचा रोग केवळ गिऱ्हाइकालाच जडलेला आहे, असे समजण्याचे कारण नाही.

जुन्या बाजारात ‘एकवार, दोनवार, तीनवार’ असा पुकारा होई आणि बोली करणारा चार लोकांच्या डोळ्यांसमोर उभा असे. त्या चार डोळ्यांची लाज हीच त्याची खरी अनामत होती. आज समोर डोळे नाहीत, केवळ एक पडदा आहे, आणि पडद्याआड माणसाची लाज लवकर गळून पडते. ती लाज यंत्राला आणून देता येणार नाही. तिची जागा नियमाने भरून काढावी लागेल. शिरपेच ज्याला हवा असेल त्याने तो खुशाल घ्यावा. पण त्याची किंमत मोगऱ्याच्या शेतकऱ्याने मोजावी, हे आम्हाला मुळीच मान्य नाही.