मत्सराचे वकीलपत्र कोणी घ्यावे?

संशय आहे त्या अर्थी प्रेम आहेच, असे मानणाऱ्यांची संख्या आमच्या लोकांत थोडी नाही. सायंकाळी विठ्ठलवाडीच्या फलाटावर घटकाभर उभे राहावे, म्हणजे ह्या समजुतीचे प्रत्यंतर रोज मिळते. मुंबईहून गर्दीत उभ्याने आलेली तरुण स्त्री गाडीतून उतरते न उतरते तोच तिचा फोन खणखणतो. गाडीला उशीर झाला, एवढे सांगून भागत नाही. स्थानकाची पाटी फोनच्या पडद्यावरून दाखवावी लागते. शेजारच्या मैत्रिणी हसून म्हणतात, "किती ग काळजी करतात!" ही काळजी की झडती, आणि झडती असल्यास तिचा अधिकार कोणी कोणास दिला, हा प्रश्न मात्र कोणाच्या मनात येत नाही. त्याच प्रश्नाचा आज विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

मत्सर हा मनुष्यस्वभावच आहे, असे एक पक्ष म्हणतो. तो मनाचा रोग आहे, असे दुसरा. पहिल्या पक्षाचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. आईने मांडीवर दुसऱ्याचे मूल घेतले तर आपले तान्हे रडू लागते, हे कोणत्याही आजीबाईस ठाऊक असते. सहा महिन्यांच्या बालकांतही असा क्षोभ दिसतो, असे प्रयोगान्ती सांगणारा निबंध अमेरिकेतील संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केला. आमच्या पूर्वजांनीही मत्सराची गणना काम-क्रोधांच्या पंक्तीत केली आहे. पण त्या पंक्तीस त्यांनी नाव दिले षड्रिपू! जे जन्मतः येते ते मित्रच असते, असे त्यांनी मानले नाही. स्वाभाविक एवढ्याच सबबीवर मत्सर निर्दोष ठरणार असेल, तर क्रोधही निर्दोष ठरेल, आणि मग फौजदारी न्यायालयांस कुलुपे लावून आम्हां वकिलांस दुसरा धंदा पाहावा लागेल.

कायद्याने मनुष्यस्वभावाकडे डोळेझाक केलेली नाही. गंभीर आणि एकाएकी झालेल्या प्रक्षोभाच्या भरात आत्मसंयम सुटून कोणाचा जीव घेतला गेला, तर तो खून न समजता त्याहून कमी दर्जाचा अपराध समजावा, असा अपवाद जुन्या दंडसंहितेच्या ३०० व्या कलमास होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०१ व्या कलमातही तो कायम आहे. मात्र त्यातील 'एकाएकी' ह्या शब्दाचे मोल किती, हे नानावटी खटल्याने दाखविले.

२७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांना त्यांच्या पत्नीने आपले प्रेम दुसऱ्यावर असल्याची कबुली दिली. दुपारी दीडच्या सुमारास ते घराबाहेर पडले. पत्नीस व मुलांस त्यांनी चित्रपटगृहापाशी सोडले; मग जहाजावर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली; प्रेम आहुजा यांच्या कचेरीत गेले; ते तेथे नाहीत असे कळताच त्यांच्या घरी गेले. गोळ्या सुटल्या तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती. झटापटीत त्या चुकून सुटल्या, असा बचाव होता. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे जन्मठेप झाली, आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बायकामुलांची सोय लावून शस्त्र मिळविणाऱ्या मनुष्याचा संयम सुटला होता असे म्हणता येत नाही, आणि मधल्या सुमारे तीन तासांत त्यास भानावर येण्यास पुरेसा अवधी होता, हा त्या निकालाचा गाभा होय.

आमच्या मते ह्या प्रश्नाचे उत्तर त्या तीन तासांत आहे. कबुली ऐकताच छातीत जी कळ उठली ती निसर्गाची. तिच्याबद्दल कोणीही कोणास दोष देऊ नये. पण ह्या कळेचा मोबदला दुसऱ्याच्या प्राणाने घेण्याचा आपणांस हक्क आहे, हा विचार निसर्गाने शिकविलेला नव्हे. तो शिकविला समाजाने. ह्याचा पुरावा पाहिजे असल्यास त्या वेळची मुंबई आठवावी. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने कमांडरांची बाजू उचलून धरली, लोकांनी त्यांस वीरपुरुष केले, आणि १९६४ साली राज्यपालांनी त्यांस माफी दिली. माफीच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. परंतु पतीने परक्या स्त्रीशी संबंध ठेविला म्हणून एखाद्या पत्नीने अशीच तीन तासांची तयारी करून गोळ्या झाडल्या असत्या, तर त्याच लोकांनी तिला हार घातले असते काय? स्त्रीचा मत्सर म्हणजे सवतीमत्सर, हसण्याचा विषय. पुरुषाचा मत्सर म्हणजे अब्रूचा प्रश्न! कायदाही बहुत काळ ह्याच मताचा होता. दंडसंहितेच्या ४९७ व्या कलमाखाली व्यभिचाराचा गुन्हा घडे तो पतीच्या विरुद्ध, आणि पतीची संमती असली तर घडतच नसे. पतीने असेच वर्तन केले तर पत्नीस फिर्यादीचा अधिकार नव्हता. शेतात गुरे शिरली तर तक्रार शेतमालकाने करावी, शेताने नव्हे, तसाच हा न्याय! सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते कलम रद्द केले. पुस्तकातले कलम गेले. मनातले अजून गेलेले नाही.

ते किती खोल रुजले आहे, हे पाहावयास फार दूर जाणे नको. आमच्या पुढचेच स्थानक उल्हासनगर. तेथे १९९० च्या मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेस बसलेल्या एका मुलीस, तिने नाकारलेल्या तरुणाने परीक्षेच्या ठिकाणी शिरून पेट्रोल ओतून जाळले. त्या अभागी मुलीचे नाव येथे छापण्याचे कारण नाही. येथे ना विवाह, ना वचन, ना विश्वासघात. जी कधी आपली नव्हतीच, ती दुसऱ्या कोणाचीही होऊ नये, एवढाच हिशेब! आणि अशा हिशेबास 'एकतर्फी प्रेम' हे नाव देण्याची चाल आम्ही वर्तमानपत्रवाल्यांनीच पाडली, हे लज्जेने सांगावे लागते.

दुसऱ्या पक्षाचे, म्हणजे मत्सरास रोग म्हणणाऱ्यांचे म्हणणे सरसकट खरे नसले, तरी काही ठिकाणी ते अक्षरशः खरे आहे. पुरावा नसता, किंबहुना उलट पुरावा समोर असताही, जोडीदार आपणांस फसवीत आहे अशी अढळ खात्री बाळगणारे रोगी असतात. दारूच्या व्यसनाशी ह्या भ्रमाचा संबंध वैद्यांनी अनेकदा नोंदविला आहे. ब्रिटनमधील दोन डॉक्टरांनी १९५५ साली ह्या विकृतीस ऑथेल्लोचे नाव दिले. (वास्तविक ऑथेल्लोच्या कानात विष ओतणारा दुसराच होता, नामकरण करताना तेवढा विचार झालेला दिसत नाही.) हाच ऑथेल्लो गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंझारराव' म्हणून मराठी रंगभूमीवर आणिला, आणि संशयाचेच 'संशयकल्लोळ' हे प्रहसनही त्यांनीच दिले. तेथे एका तसबिरीवरून फाल्गुनराव व कृत्तिका घर डोक्यावर घेतात. पण खरा प्रकार कळल्यावर त्यांचा संशय फिटतो, म्हणून आपणांस हसू येते. रोगी कोण आणि नुसता संशयी कोण, हे ओळखण्याची सामान्य गृहस्थास पुरेशी खूण हीच: खुलाशाने ज्याचे समाधान होते तो संशयी, प्रत्येक खुलासा ज्यास नवा पुरावा वाटतो, त्यास वैद्याची गरज आहे.

अशा मनुष्यास लग्न लावून दिले की तो ताळ्यावर येईल, अथवा एक मूल झाले की निवळेल, असा सल्ला आमच्याकडील वडीलधारी मंडळी देतात. त्यायोगे रोग बरा न होता त्याच्या तावडीत आणखी दोन जीव मात्र सापडतात. 'ह्याला ठाण्यास पाठवा' ही आमच्या जिल्ह्यातील जुनी थट्टा. तिच्या भीतीनेच कित्येक कुटुंबे वैद्याकडे जात नाहीत. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालापासून चालू आहे. तेथे जाणारा प्रत्येक मनुष्य कोंडला जातो हा भ्रम होय. बाह्यरुग्ण विभागात प्रकृती दाखवून लोक त्याच दिवशी घरी परततात. ज्यांस तेवढेही धैर्य होत नाही, त्यांच्यासाठी 'टेली-मानस' ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तिचा क्रमांक १४४१६. आमच्या व्यापारी वाचकांनी तो गल्ल्याशेजारी, गिऱ्हाइकांस दिसेल असा लिहून ठेवावा.