घरी ईव्ही चार्ज होत नाहीये? गाडीआधी घराची वायर तपासा

इलेक्ट्रिक कार घ्यायची म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. रेंज किती? आणि हायवेवर चार्जर आहेत का? महाराष्ट्राचं २०२५ चं ईव्ही धोरण आलं तेव्हाही चर्चा झाली ती अटल सेतू, समृद्धी महामार्ग आणि मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवरच्या टोलमाफीची. पण गाडी दारात आल्यावर पहिल्या आठवड्यातल्या तक्रारी वेगळ्याच असतात. चार्जर लावला की लाल लाईट. रात्री चार्जिंगला लावलेली गाडी सकाळी आहे तिथेच. मध्येच एमसीबी पडतो, नाहीतर सॉकेट हात लावता येणार नाही इतकं तापतं.

मग सुरू होते टोलवाटोलवी. शोरूमवाले म्हणतात, "गाडी ओके आहे, तुमच्या घरच्या अर्थिंगचा प्रॉब्लेम." वायरमन म्हणतो, "घरात सगळं चालतंय की, गाडीतच काहीतरी आहे." सोसायटी म्हणते, "आधी एनओसी घ्या." खरं सांगायचं तर अडचण बहुतेक वेळा मीटर आणि पार्किंग यांच्यामधल्या वायरमध्ये असते, आणि तो तुकडा आपला आहे असं कोणीच मानत नाही.

चार्जर नक्की करतो काय?

गाडीसोबत मिळणाऱ्या केबलवरच्या डब्याला आपण चार्जर म्हणतो. पण एसी विजेचं डीसी करून बॅटरीत भरणारा खरा चार्जर गाडीच्या आत असतो. बाहेरचा डबा म्हणजे दारावरचा वॉचमन. तो आधी सॉकेटमध्ये अर्थिंग आहे का ते बघतो. मग एका वेगळ्या बारीक वायरमधून गाडीला १२ व्होल्टचा सिग्नल पाठवतो. गाडी जोडली गेली की हा व्होल्टेज ९ वर येतो, आणि गाडी चार्जिंगला तयार झाली की ६ वर. जास्तीत जास्त किती करंट घ्यायचा हेही याच सिग्नलमधून गाडीला कळतं. एवढं बोलणं झाल्यावरच 'टक्' आवाज येतो आणि मोठी वीज सुरू होते. म्हणूनच गन नुसती लोंबकळत असताना तिच्या तोंडाशी चार्जिंगची वीज नसते.

म्हणजे लाल लाईट लागला की डबा खराबच झाला असं नाही. बऱ्याचदा तो फक्त नकार देत असतो, आणि त्या नकारामागे कारण असतं.

लाल लाईट: पहिला संशय अर्थिंगवर

फ्रिज, मिक्सर, टीव्ही अर्थिंगशिवायही चालतात. त्यामुळे घरात अर्थिंग तुटलेलं असेल तर वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. जुन्या इमारतींत तिसऱ्या पिनला वायरच जोडलेली नसते. स्वतंत्र घरांत अर्थिंगचा खड्डा असतो, पण त्याकडे कोणी बघत नाही. उन्हाळ्यात खडकाळ जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं. म्हणून तर जुने वायरमन खड्ड्यात कोळसा-मीठ भरून वरून पाणी घालायला सांगायचे.

इथेच सगळ्यात धोकादायक जुगाड होतो. काही जण सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ पिन एका तुकड्याने जोडून देतात. लाल लाईट जातो, चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. पण उद्या मागे कुठेतरी न्यूट्रल सुटला, तर तोच तुकडा २३० व्होल्ट थेट गाडीच्या बॉडीवर आणू शकतो. गाडी रबरी टायरवर उभी असल्यामुळे वीज जमिनीत उतरत नाही. ओल्या फरशीवर उभं राहून कोणी दाराला हात लावला, की तिला वाट मिळते. हाच उद्योग करणारे तयार प्लगही मिळतात. स्वस्त असले तरी घेऊ नका. खरा उपाय एकच, मीटरपासून सॉकेटपर्यंत अर्थची अखंड वायर आणि चांगला खड्डा. लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज मोजून दाखवा, असं वायरमनला सांगा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर बरं. लोड चालू असतानाही शून्यच दिसत असेल, तर आत तुकडा जोडला नाही ना, हेही उघडून बघायला लावा.

स्विच पडतो, पण कुठला?

एमसीबी पडला तर अर्थ बहुधा ओव्हरलोड. गाडी, गिझर आणि एसी एकाच वेळी सुरू असतील. आरसीसीबी पडला तर कुठेतरी वीज गळतेय. घरातला आरसीसीबी साधारण ३० मिलीअँपिअरच्या गळतीला तुटतो, आणि तो माणसाचा जीव वाचवण्यासाठीच असतो. पावसाळ्यात पार्किंगच्या सॉकेटमध्ये ओल गेली तरी हे होतं.

एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ चा काढून ३२ चा टाकायचा, हा दुसरा आवडता जुगाड. एमसीबी भिंतीतल्या वायरला वाचवतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला, तर पुढच्या वेळी स्विचऐवजी वायर जळेल.

सॉकेट का तापतं?

गिझर तेवढाच करंट घेतो, मग तो चालतो कसा? फरक वेळेचा आहे. गिझर वीस मिनिटं चालतो, गाडी आठ-दहा तास. ३.३ किलोवॉटवर चार्ज होणारी गाडी साधारण १४-१५ अँपिअर सतत ओढते. सॉकेटमधला एखादा स्क्रू सैल असेल आणि तिथे फक्त ०.१ ओहमचा अडथळा असेल, तरी १५ अँपिअरला तिथे साडेबावीस वॉट उष्णता तयार होते. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडची सोल्डरिंग गन जवळपास एवढ्याच वॉटची असते. ती रात्रभर प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये चालू ठेवल्यासारखं हे आहे.

करंट १० अँपिअरवर आणला तर हीच उष्णता १० वॉटवर येते. तुमच्या गाडीत किंवा ॲपमध्ये करंट कमी करायची सोय असेल तर दुरुस्ती होईपर्यंत ती वापरा. एक्स्टेंशन बोर्ड मात्र कधीच नाही.

चार्जिंग इतकं हळू का?

आधी गाडीची मर्यादा बघा. आतला चार्जर ३.३ किलोवॉटचा असेल तर ७.२ चा वॉलबॉक्स लावूनही वेग वाढणार नाही. नंतर बघायची वायरची लांबी. मीटर रूम ते पार्किंग ४० मीटर असेल, तर वीज जाऊन-येऊन ८० मीटर फिरते. दुकानात जिला 'अडीच एमएम' म्हणतात ती तांब्याची वायर असेल, तर १५ अँपिअरला साधारण ९ व्होल्ट वाटेतच जातात. संध्याकाळी आधीच २०५ व्होल्ट येत असतील, तर गाडीला मिळतात १९६. मग काही गाड्या करंट कमी करतात, काही थांबतात. एवढ्या अंतराला निदान 'चार एमएम' घ्या. ७.२ किलोवॉट म्हणजे ३२ अँपिअर, त्याला त्याहून जाड.

नियम काय सांगतात?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं, की ईव्ही चार्ज करायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या आहे त्या कनेक्शनवर गाडी चार्ज करता येते. फेब्रुवारी २०२४ मधल्या वीज ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीने मागितल्यास ईव्हीसाठी वेगळं कनेक्शन मिळण्याची सोय केली. त्याच दुरुस्तीत नव्या कनेक्शनची मुदत महानगरांत ३ दिवस, इतर शहरांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस केली आहे.

कागदावर हक्क आहे. पण हे नियम कनेक्शन मिळेपर्यंतचे झाले. मीटरपुढची केबल सोसायटीच्या भिंतीवरून जाते, आणि तिथे सगळं अडतं. समितीची भीती ठरलेली असते, "सगळ्यांनीच गाड्या घेतल्या तर ट्रान्सफॉर्मर झेपेल का?"

जरा हिशोब करू. २० गाड्या एकदम ७.२ किलोवॉटने लावल्या तर १४४ किलोवॉट लागतील. आकडा घाबरवणारा आहे. पण रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला साधारण ७ युनिट पुरतात. २० गाड्यांचे झाले १४० युनिट. रात्रीच्या आठ तासांत ते वाटून दिले, तर साडेसतरा किलोवॉटमध्ये काम होतं. गाड्यांना आळीपाळीने वीज देणारी लोड मॅनेजमेंट यंत्रणा हेच करते. सोसायटीने एकदाच नीट केबल, अर्थिंग आणि मीटरची व्यवस्था केली, तर प्रत्येकाला खिडकीतून वायर सोडावी लागणार नाही. नाही म्हणणाऱ्या सोसायटीत गाड्या येतातच, फक्त चार्जिंग लपूनछपून एक्स्टेंशनवर होतं. आग लागण्याची शक्यता तिथेच जास्त.

बुकिंगआधी एवढं करा

- वीजबिलावरचा 'मंजूर भार' बघा. गाडीचा भार जोडून तो अपुरा पडत असेल तर वाढवायला अर्ज करा.
- मीटरपासून पार्किंगपर्यंतचं अंतर मोजा. अनेक कंपन्या ठरावीक मीटरपर्यंतच केबल मोफत देतात.
- महिन्याला १,००० किलोमीटर फिरणार असाल तर दीडशेच्या आसपास युनिट वाढतील आणि महावितरणचा वरचा स्लॅब लागू शकतो. वेगळं ईव्ही कनेक्शन परवडतं का, ते आधी तपासा.
- परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि रीडिंग लिहून मागा.
- सोसायटीला अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

हे कागद हातात असले की शोरूम, वायरमन आणि सोसायटी यांच्यात तुमचा चेंडू होणार नाही. आणि लाल लाईट लागलाच, तर तो घालवायचा जुगाड शोधण्याआधी तो का लागला ते विचारा.