आयतं उत्तर

मढहून कॉलेजला जायचं म्हणजे एकतर होडीने वर्सोव्याला उतरून अंधेरी गाठायची, नाहीतर २७१ नंबरच्या बसने मालाड. दोन्हीकडे मोबाईलमध्ये डोकं घातलेली मुलं दिसतात, आणि त्यातल्या काहींचा अभ्यास चॅटजीपीटीच्या भरवशावर चाललेला असतो. "हल्लीची मुलं नुसती कॉपी करतात" असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही.

आयत्या उत्तरांचं वेड काही नवं नाही. नवनीतची गाईडं होती, '२१ अपेक्षित' होतं, सीनियरच्या जर्नल उतरवून काढणं तर सर्रास चालायचं. फरक इतकाच की गाईडमधलं उत्तर कुणीतरी तपासून छापलेलं असायचं. हे यंत्र मात्र पुढचा संभाव्य शब्द कोणता, याचा अंदाज बांधत वाक्य रचतं. त्यामुळे बरोबर आणि चूक, दोन्ही ते सारख्याच आत्मविश्वासाने सांगतं.

यात मुलंच फसतात असंही नाही बरं का! ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आकारणी-आदेश रद्द केला, कारण आधार म्हणून दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. ए.आय.ने दिलेलं आंधळेपणाने वापरू नका, आधी पडताळा, असं न्यायालयाला सरकारी अधिकाऱ्यांना सांगावं लागलं. मग एफ.वाय.च्या मुलाने प्रोजेक्टमध्ये नसलेल्या पुस्तकाचं नाव टाकलं तर नवल काय?

तरीही सरसकट बंदी घालू नये असं मला वाटतं. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी इंग्रजीतल्या बी.कॉम.च्या वर्गात जाऊन बसते. 'मार्जिनल कॉस्ट' डोक्यावरून जाते, पण साठ-सत्तर जणांसमोर हात वर करायची हिंमत होत नाही. घरी विचारावं तर सांगणारं कुणी नाही, क्लासची फी परवडत नाही. तिला रात्री अकरा वाजता कुणी तीच गोष्ट मराठीत, मासळीच्या हिशोबाचं उदाहरण देऊन, न कंटाळता चारदा समजावत असेल, तर ते काढून कशाला घ्यायचं?

पण तिनेच जर पूर्ण असाइनमेंट त्याच्याकडून लिहून घेतलं, तर सगळ्यात जास्त नुकसानही तिचंच. ज्यांच्या घरात ओळखी आहेत, पैसा आहे, त्यांचं कच्च्या अभ्यासावरही निभावून जातं. हिच्याकडे स्वतःला जे येतं तेवढंच भांडवल. परीक्षेच्या हॉलमध्ये आणि इंटरव्ह्यूच्या खुर्चीत मोबाईल बाहेरच राहतो.

थोडक्यात काय, तर आधी स्वतः लिहा, मग चुका दाखव म्हणा. उत्तर मागण्यापेक्षा "मला पाच प्रश्न विचार" म्हणा. आकडा, कलम, पुस्तकाचं नाव मूळ ठिकाणी जाऊन बघा. मदत घेतली असेल तर सरांना सरळ सांगा. आणि मोबाईल बाजूला ठेवून तोच मुद्दा मैत्रिणीला समजावता येतो का ते पाहा. नाही आला, तर अभ्यास झालेला नाही.

शिक्षकांनाही एक सांगणं आहे. ए.आय.चं लिखाण ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून मुलांना चोर ठरवू नका. खुद्द ओपनएआयने असं स्वतःचं साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. त्यापेक्षा प्रोजेक्ट घेताना पाच मिनिटं समोर बसवून विचारा, "हे तू असं का लिहिलंस?" इतक्या मुलांसाठी वेळ कुठून आणायचा, ही अडचण खरी आहे. पण तो वेळ द्यायचा नसेल, तर यंत्राने लिहिलेल्या कागदांना आपण गुण देत राहणार, आणि ती मुलगी काही न शिकता पदवी घेऊन बाहेर पडणार.