रंग कोवळ्या बांबूचा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी पोचलो, बॅग खाली ठेवायच्या आत बाबांनी हातात शेडकार्ड दिलं. "तू इंजिनिअर होऊन राह्यला ना, मंग सांग कोणता कलर मारायचा?" मित्रांनो, सहा सेमिस्टर झाले, पण असा प्रश्न एकाही पेपरात आला नव्हता!

घर घुग्घुसकडे. मातीचं, कवेलूचं घर पाडून स्लॅबचं नवीन बांधलं. भावाला हॉलमध्ये पोपटी आणि नारिंगी हवा होता, कारण गल्लीत सगळ्यांनी तोच मारला. माझं बोट मात्र राखाडी झाक असलेल्या निळ्या-हिरव्यावर थांबलं. भाऊ म्हणाला, "हा तर दवाखान्याचा कलर!"

माझं मत असं की आपल्या भागात हाच रंग शोभतो, आणि तो परकाही नाही. चुन्यात नीळ घालून भिंती रंगवलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. चुन्यात मोरचूद घातलं तरी निळसर हिरवा रंग येतो. नीळ चुन्यात टिकते, पण प्रशियन ब्लू टिकत नाही, चुन्याच्या अल्कलीने तो तपकिरी पडतो. म्हणजे जुन्या रंगाऱ्यांची केमिस्ट्री आपल्यापेक्षा पक्की होती. आजच्या डब्यातला निळा-हिरवा बहुतेक वेळा थॅलोसायनिनचा असतो. १९२८ साली स्कॉटलंडच्या एका कारखान्यात तो अपघातानेच हाती लागला. गंमत म्हणजे मोरचुदात तांबं आणि यातही तांबंच. शेडकार्डावरचं 'टील' हे नाव तर एका बदकाचं आहे. त्याच्या डोळ्यामागे या रंगाचा पट्टा असतो, आणि हिवाळ्यात ते आपल्याही तलावांवर उतरतं.

आता एक खोटी गोष्ट सांगणार नाही. "हा कलर मारला की रूम थंड राहते" असं पेंटर म्हणतो, ते साफ चूक. मे २०१९ मध्ये चंद्रपूरचा पारा ४८ अंशांवर गेला होता. तशा उन्हात स्लॅब तापतो, आणि आतल्या भिंतीच्या रंगाला त्याचं काही करता येत नाही. गारवा हवा असेल तर गच्चीवर पांढरा चुना मारा. आतला रंग फक्त डोळ्यांना शांत करतो. उन्हातून सायकल मारत घरात शिरल्यावर तेवढंही पुष्कळ वाटतं. शिवाय कोळशाची धूळ! पांढऱ्या भिंतीवर ती महिनाभरात दिसायला लागते, राखाडी झाकेत खपून जाते.

मी एक चूक केली. मोबाईलवर पाहून शेड पक्की केली आणि पेंटरने एक भिंत मारूनही टाकली. दिवसा ठीक वाटली, पण रात्री ट्यूबलाईट लावली तर अख्खी भिंत शेवाळासारखी! एकच रंग उन्हात वेगळा आणि ट्यूबमध्ये वेगळा दिसतो, हे लॅबमध्ये शिकून विसरलो होतो. मग पेंटरने पांढरा वाढवला, तांबड्या स्टेनरचे दोन-चार थेंब टाकले. हिरव्याला तांबडा मारतो, भडकपणा उतरतो. दोन-दोन फुटांचे तीन चौकोन मारून आम्ही सकाळ, दुपार, रात्र पाहत बसलो.

या सगळ्या गोंधळात आईला कोणी विचारलंच नव्हतं. जुन्या घराला दर दिवाळीच्या आधी पांढऱ्या मातीचा पोतारा तीच द्यायची, सारवणही तीच करायची. सिमेंटच्या भिंती आल्या आणि निर्णय आम्हा तिघा पुरुषांकडे गेला. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं, आणि त्याची लाज वाटली.

तिचं माहेर धानोऱ्याकडचं, जंगलातलं. तिने तिसऱ्या चौकोनावरून हात फिरवला. "हा तर नव्या बांबूचा रंग आहे. वास्ते मोठे झाले की अंगावर पांढरी भुकटी असते ना, तसा."

खरंच तसाच होता. आपल्या जंगलातल्या मानवेल बांबूची कोवळी काठी फिकट निळसर हिरवीच असते, जून झाली की तो रंग जातो. भाऊ दवाखाना विसरला. हॉलला तोच रंग लागला.

स्वयंपाकघर अजून बाकी आहे. शेडकार्ड आता आईच्या ताब्यात आहे, आणि ती घाई करत नाहीये.