एका पंगतींत

आमच्या एका वाचक-भगिनींनीं पृच्छा केली आहे कीं, त्यांच्या मुलाच्या प्राथमिक शाळेंत स्नेहसंमेलनें, सहली, वेशभूषेच्या स्पर्धा हें सर्व यथासांग होतें, तरी मुलांत आपलेपणा म्हणून दिसत नाहीं. जो तो आपल्या दोन सोबत्यांपुरता. मग शाळेंत एकोपा उत्पन्न होतो तरी कसा? आम्ही छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकविलें, आणि त्यांतील बरींच वर्षें या प्रश्नाचें उत्तर आपणांस ठाऊक आहे अशा भ्रमांत काढिलीं.

आमच्या शाळेंत सकाळीं तैत्तिरीय उपनिषदांतील शांतिपाठ होत असे. त्यांतील द्विवचन गुरु आणि शिष्य या उभयतांस लागूं आहे, दोघांचें रक्षण व पोषण एकत्र व्हावें अशी ती याचना आहे, हें आम्ही लहान मुलांनाहि समजावून देत असूं. आणि चांगलें समजावितों, असें आम्हांस वाटे. मधली सुट्टी झाली कीं आम्ही कार्यालयाचें दार लोटून घरचा डबा उघडीत असूं.

१९९५ सालीं केंद्र सरकारची पोषण आहाराची योजना निघाली, तेव्हां मुलांस महिन्याकांठीं तीन किलो तांदूळ मिळत. ते पिशवींतून घरीं जात. शाळेंत कोणी कोणासह जेवण्याचा प्रश्नच नव्हता. नोव्हेंबर २००१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्नच देण्याची आज्ञा केली, आणि यथावकाश आमच्याहि पडवीशेजारीं चूल पेटली. कोरड्या तांदुळानें झांकलेलें सारें तेव्हां उघडें पडलें. पांच-सहा मुलें घरचे डबे आणून पडवीच्या दुसऱ्या टोंकाला बसूं लागलीं. तीं कोणत्या घरचीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तसें बसा म्हणून त्यांना कोणी सांगितलें नव्हतें. गुरुजी आंत बसत होते, तेवढें पुरे होतें. चवीच्या नोंदवहींत सही करण्यापुरता एक घांस आम्ही घेत असूं. तोहि पुष्कळदां सहीपुरताच.

एके दिवशीं वही दाखवावयास आलेला चौथींतील एक मुलगा सहज म्हणाला, "गुरुजी, तुम्हांला आमची खिचडी चालत नाही का?"

"आवडत नाही का" असें त्यानें विचारलें असतें, तर आम्ही हंसून वेळ मारून नेली असती. "चालत" हा शब्द त्या पोरानें कोठें ऐकला असेल, याचा विचार करीत आम्ही घरीं आलों. आमच्या सौभाग्यवतींस हकीकत सांगितली. त्या म्हणाल्या, "मग उद्यांपासून डबा भरूं नये ना?" आणि खरोखरच भरला नाहीं.

पहिल्या दिवशीं आम्ही पंगतींत बसलों तेव्हां एकदम सामसूम झाली. मुलांना घांस गिळवेना, आम्हांसहि. आठवड्याभरांत मात्र आमच्या ताटांत जास्त वाढावें म्हणून भांडणें होऊं लागलीं. भातांतले खडे कमी झाले, हा लाभ निराळाच. डबेवाल्या मुलांपैकीं एक मुलगी आपला डबा घेऊनच पंगतींत येऊन बसली आणि तिनें लोणचें शेजारणीला दिलें. तिच्यामागून आणखी दोघें आलीं. दोन घरांनीं मात्र मुलांचे दाखले काढून तीं तालुक्याच्या शाळेंत घातलीं. त्यांतले एक गृहस्थ आमचे जुने परिचित. "गुरुजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढेंच ते बोलले. तीं दोन्ही मुलें हुषार होतीं. त्यांचीं नांवें हजेरीपटावरून कमी करतांना आम्हांस वाईट वाटलें, आणि आजहि वाटतें.

हा विषय आमच्या शाळेपुरता नवा, महाराष्ट्राला नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बालपणीं सातारा येथें शिकत. त्यांना वर्गाच्या कोपऱ्यांत वेगळ्या गोणपाटावर बसावें लागे, तें गोणपाट रोज घरीं न्यावें लागे, आणि शिपायानें नळ सोडल्यावांचून पाणी मिळत नसे, असें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. त्याच साताऱ्यांत १९२४ सालीं कर्मवीर भाऊराव पाटलांनीं वसतिगृह काढिलें, आणि तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहूं व जेवूं लागलीं. १९२७ सालीं गांधीजी तें पाहून गेले. दोहोंमधील अंतर पाव शतकाचें. हें आम्ही इतिहासाच्या तासाला शिकवीत होतों, तेंहि डबा खाऊन आल्यावर!

स्नेहसंमेलनें व सहली यांस आमचा विरोध नाहीं. तीं वर्षांतून एकदां होतात, मधली सुट्टी रोज होते, इतकेंच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शासकीय व अनुदानित शाळांस व्यवस्थापन समिती लाविली आहे. तींत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आमच्याकडे ही समिती बहुतेक सह्यांपुरतीच असे. पुढें दोन माता पाळीपाळीनें वाढावयास येऊं लागल्या, तेव्हां तिला थोडा जीव आला.

आमच्या भगिनींच्या मुलाच्या शाळेंत चूल नसेल, डबेच असतील. तरी त्यांनीं एक दिवस मधल्या सुट्टींत तेथें जावें. डबे कोणत्या घोळक्यांत उघडतात, कोणाचें लोणचें कोणाकडे जातें, कोण भिंतीकडे तोंड करून जेवतें आणि शिक्षक त्या वेळीं कोठें असतात, हें पाहून आम्हांस कळवावें. बाईसाहेब दार लोटून बसल्या असतील, तर त्यांना दोष देण्यापूर्वीं आपण मुलाला डबा देतांना काय बजावितों, तेंहि त्याच पत्रांत लिहावें.