सपाट खोऱ्यातील शांततेची किंमत

पोलंडच्या ईशान्येस ब्येब्झा नदीच्या सपाट, पाणथळ खोऱ्यातील गावरस्त्यांवर सायकलस्वाराला मोटार क्वचितच आडवी येते. ही शांतता केवळ निसर्गाची देणगी नव्हे. तिच्यामागे धोरणही आहे. १९९३ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. बाल्टिक देशांकडे जाणारा 'व्हिया बाल्टिका' महामार्ग याच परिसरातून नेण्याचे घाटत होते. मात्र, जवळच्या रोस्पुदा खोऱ्यातील बाह्यवळण रस्त्यावरून २००७ मध्ये वाद पेटला, युरोपीय आयोगाने न्यायालयात धाव घेतली आणि २००९ मध्ये सरकारने महामार्ग पश्चिमेकडून, वोम्झामार्गे नेण्याचे ठरविले. पुढे युरोपीय निधीतून पूर्वेकडील पाच प्रांतांना जोडणारा सुमारे २,००० किलोमीटरचा 'ग्रीन व्हेलो' सायकलमार्ग साकारला.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. रस्ते ओस असण्याचे एक कारण गावे ओस पडणे हेही आहे. तरुण वॉर्सा किंवा पश्चिम युरोपची वाट धरतात. पर्यटनाचा हंगाम मोजक्या महिन्यांचा. त्यात २०२१ पासून बेलारूस सीमेवरील तणावाची भर पडली. महामार्ग टळल्याने खोरे वाचले, पण तेथील माणसांच्या पोटापाण्याचा प्रश्न एकट्या सायकलमार्गाने सुटण्यासारखा नाही.